मागची घरघर

आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं. आज मात्र लेक आपणहून बाबांच्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात आली, लाडका हिपहॉप अल्बम घेऊन. "बाबा, एकदा ऐका ना." लावला, तर गाणारा तालात भराभर बोलत होता, मागे सतत घरघर. "गातोय की भांडतोय गं हा? रेकॉर्डिंग तरी धड करायचं!" म्हणत बाबांनी हौसेनं बटणं फिरवून घरघर पार घालवली. लेकीचा चेहरा उतरला. "ती त्यानं मुद्दाम ठेवलीय, बाबा. शेजारच्या खोलीत त्याच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं." बाबांचा हात बटणावरच थांबला. तो आवाज त्यांच्याही घरात वर्षभर होता. बायको गेल्यावर त्यांनीच बंद केला होता. त्यांनी घरघर परत आणली, लेकीसाठी स्टूल ओढलं. "बस, चिमणे. पहिल्यापासून लावतो. आईबद्दल काय म्हणतोय तो, मला सांग."