लाल दोरीचं पोतं

शेडच्या दारावर खडूच्या एकवीस रेघा होत्या. फाटकाशी गाडी उभी होती, तळ्याकाठी जाळी पसरून ठेवली होती आणि तिच्या हातात तपासणीचा कागद होता. माशांच्या अंगात औषध अजून शिल्लक होतं.

औषध थांबवलं की एकवीस दिवसांत ते माशाच्या अंगातून निघून जातं, हे तिला पाठ होतं. रोज सकाळी एक रेघ तिनं स्वतः ओढली होती. एकही दिवस चुकला नव्हता. मग घोडं अडलं कुठे?

ती शेडमध्ये शिरली. औषध मिसळलेलं उरलेलं खाद्य तिनं पोत्यात भरून, लाल दोरीनं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं. दोरी तशीच होती, गाठही तशीच. पोतं मात्र हाताला हलकं लागलं.

"बाबा, यातलं खाद्य कुठे गेलं?"

वडील दारात चपला झटकत होते. "संध्याकाळी मूठमूठ घालत होतो माशांना. एवढं चांगलं अन्न उंदरांच्या तोंडी कशाला द्यायचं?"

"अहो, औषध होतं त्यात!"

"मग? विष तर नव्हतं ना?"

ती ओरडणारच होती. पण पोतं खड्ड्यात पुरायचं म्हणत तीच तीन आठवडे चालढकल करत होती. टाकून द्यायचं तिच्याही जिवावर आलं होतं. शेवटी बापाचीच लेक. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं.

गाडीवाल्या व्यापाऱ्यानं कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "ताई, दुसऱ्या बाजारात नेतो. तिथे कागद कुणी विचारत नाही."

"पण तिथेही माणसंच खातात ना?"

तो गाडीत चढला. गाडी रिकामी गेली. पुन्हा येईल की नाही, कुणास ठाऊक.

तिनं ओल्या फडक्यानं दार पुसलं.

"पुन्हा पहिल्यापासून?" बाबांनी हळूच विचारलं.

"पहिल्यापासून. आणि ते पोतं आत्ताच पुरायचं."

खड्डा दोघांनी मिळून खणला.

संध्याकाळी बाबांचे पाय सवयीनं तळ्याकडे वळले. चाहूल लागताच मासे काठाशी गोळा झाले, तोंडं वर करून. बाबांनी दोन्ही रिकामे तळवे उघडून त्यांना दाखवले.

मासे तिथेच थांबले.