ओळखलंत का?

“मी कोण, बाबा?”

“शकु,” श्यामसुंदर परब ठामपणे म्हणाले.

शकु ही त्यांची बहीण. ती मालवणला असते आणि तिने सत्तरी ओलांडली आहे. विचारणारी अक्षता होती, त्यांची मुलगी. मेंदूतल्या रक्तस्रावाने श्यामसुंदरांचं बोलणं शाबूत ठेवलं होतं, भूक तर दुप्पट केली होती, पण माणसं पार पुसून टाकली होती. सांभाळायला एजन्सीच्या बाया असत, दर चार दिवसांनी नवी. अक्षता मात्र रोज सकाळी कांजूरमार्गहून मुलुंडला येई, बाबांना चहा देई, हा प्रश्न विचारी, “शकु” ऐकून घेई, “नाही हो, मी अक्षता” म्हणे आणि कॉलेजात शिकवायला जाई. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सुरुवातीला ते निदान अडखळत तरी होते. आता तेही बंद झालं होतं.

तिचा धाकटा भाऊ सिद्धेश बोरिवलीला राहायचा आणि बहुतेक वेळा फोनवरच भेटायचा.

“कर्जतच्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, ताई,” तो म्हणाला. “ते कुणालाच ओळखत नाहीत. मग मुलुंड काय नि कर्जत काय? गणपती झाले की येतो. तुला ओळखलं तर राहू दे इथे. नाहीतर मी घेऊन जातो यार, तुझी पण वाट लागलीय.”

अक्षताला भीती वाटली.

त्या दिवशी ती बारावीला चेतापेशी शिकवत होती. दोन पेशी पुन्हा पुन्हा एकत्र जाग्या झाल्या की त्यांच्यातली जोडणी घट्ट होत जाते. रोज चालून गवतात पायवाट पडावी तशी आठवण पक्की होते. हे वाक्य ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. या वेळी अर्ध्यात थांबली. पायवाटेला काय ठाऊक, माणूस आपल्या घरी चाललाय की भलत्याच्या? रोज सकाळी प्रश्न विचारून “शकु” तिनेच बाबांकडून घोटून घेतलं होतं. मॅडमना बरं नाही असं वर्गाला वाटलं. तास लवकर सुटला म्हणून सगळे खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा बंद. आता उत्तरच आधी. “बाबा, मी अक्षता, तुमची मुलगी. हा घ्या चहा.” बाबा तेच पुन्हा म्हणत आणि चहा घेत.

अडचण पाहुण्यांची होती. आजाऱ्याच्या उशाशी वाकून “ओळखलंत का?” असं विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणाची भेट पुरी होत नाही. वर “नीट बघा, नीट बघा” म्हणत बिचाऱ्याला घाम फोडतात. अक्षता सगळ्यांना दारातच अडवू लागली. आत जायचं तर आपलं नाव आपणच सांगायचं.

“अगं, पण विचारलं नाही तर कळणार कसं?” शेजारच्या नलिनीमावशी म्हणाल्या.

“आपल्याला काही कळायला नकोय, मावशी.”

मावशी आत जाऊन पोलीस ठाण्यात जबाब द्यावा तसं नाव, खोली नंबर आणि नवऱ्याचं गाव सांगून आल्या.

गणपती झाले आणि सिद्धेश आला. टॅक्सी खाली थांबवूनच आला. अक्षता ओट्यापाशी चहा गाळत होती, तिला त्याला अडवायचं सुचलं नाही. व्हायचं तेच झालं. तो उशाशी वाकला.

“बाबा, ओळखलंत का?”

बाबा नुसते हसले, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसे. सिद्धेशचा चेहरा उतरला. त्याने अक्षताकडे बोट केलं.

“बरं, ही कोण?”

“अक्षता. माझी मुलगी.”

अक्षताला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण चहा सांडला असता.

“हे तू घोकवून घेतलंयस,” सिद्धेश तिला म्हणाला. “पोपटाला पण येईल.” मग बाबांकडे वळला. “ही लहानपणी कशी होती, आठवतं तुम्हाला? हिची शाळा? हिचं लग्न?”

बाबांनी खरोखर आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नाय,” ते म्हणाले.

अक्षताने कप खाली ठेवला. भाऊ खोटं बोलत नव्हता. तिचं अख्खं लहानपण बाबांच्या डोक्यातून गेलं होतं आणि ते कुठल्याही पाठांतराने परत यायचं नव्हतं.

“मग ही तुमची मुलगी कशावरून?” सिद्धेशने विचारलं.

श्यामसुंदरांनी त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

“रोज येता ती,” ते म्हणाले. “परकी असती तर रोज इली असती काय? तुमीच सांगा.”