कुकटपल्लीत करंट गेला

"वहिनी, आमच्याकडं करंट गेला!" फोनवर भारती रडकुंडीला आली होती. "आत्ताच तर त्या पोरीनं घर सोडलं. आता पुढचं कसं कळायचं मला?"

"मी सांगते की. ऐक तू," सुशीलाबाई म्हणाल्या आणि रिसीव्हर कानाशी धरून टीव्हीकडं तोंड करून बसल्या.

गौलीगुड्याच्या जुन्या वस्तीत दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती. रविवारचा पिच्चर सुशीलाबाईंकडं. मधे परात, परातीत तुरीच्या शेंगा, आणि शेंगांपेक्षा तोंडं जास्त चालू. पिच्चरमधलं कुणी चुकलं की भारती त्याला मोठ्यानं रागवायची. सुशीलाबाई रडायच्या, तेही रडायची जागा यायच्या आधीच. मग भारतीच्या मुलानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला फ्लॅट घेतला आणि ती गेली. एकटीनं पाहिलेल्या पिच्चरला कितीतरी दिवस चवच लागली नाही. सुशीलाबाईंच्या घरी फोन बसला, तेव्हा कुठं वाट निघाली. नव्या तेलुगू चॅनलवर जुना पिच्चर लागला, की दोघी आपापल्या घरी टीव्ही लावायच्या आणि जाहिराती आल्या की फोन उचलायच्या. आज करंट गेल्यामुळं फोन खाली ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.

"पोरगी परत आली बघ. मनासारखं लग्न केलं होतं ना तिनं? कडेवर लेकरू आहे."

"आणि बाप?"

"आत बसलाय. दाराला कडी."

"कसाई मेला! आई कुठाय?"

"खांबाआड उभी आहे. तोंडात पदर धरून."

"नुस्ता पदर धरून काय होतंय? तोंड उघड म्हणावं की तिला!"

सुशीलाबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडं पाहिलं.

खोलीत मुकुंदराव होते. कोर्टातून रिटायर झालेले, खुर्चीत ताठ, तोंडासमोर पेपर. पिच्चर म्हणजे रडगाणं, असं त्यांचं मत. पण पेपरचं पान बऱ्याच वेळात उलटलं नव्हतं. त्यांच्या चारुलतानं बँकेतल्या एका तेलुगू मुलाशी लग्न केलं आणि ती बंगलोरला गेली. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघत नव्हतं. मुकुंदराव काढत नव्हते, म्हणून सुशीलाबाईही काढत नव्हत्या.

"वहिनी? गप का झालात? काय झालं पुढं?"

पडद्यावर पोरीनं दोनदा हाक मारली. म्हातारा जागचा हलला नाही. लेकराला सावरत ती वळली आणि बैलगाडीकडं चालू लागली.

"उठला गं म्हातारा," सुशीलाबाई म्हणाल्या. आवाज फुटला होता, पण त्या थांबल्या नाहीत. "उठला. कडी काढली. पोरीकडं बघवत नाही त्याला, म्हणून आधी लेकरूच ओढून घेतलं. आता तोही रडतोय, तीही रडतेय."

पेपर खाली आला.

"असं कुठं झालं?" मुकुंदरावांनी विचारलं.

सुशीलाबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. "झालं," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून धार लागली होती, पण त्यांनी नजर खाली घेतली नाही.

मुकुंदरावांनी टीव्हीकडं पाहिलं. धुळीत बैलगाडी लहान होत चालली होती. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. पेपर पुन्हा वर गेला नाही.

सुशीलाबाईंनी हात काढला. पलीकडं भारती हळू आवाजात बोलत होती.

"वहिनी, करंट मघाशीच आला. मी बघत होते."

सुशीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"नक्को तो त्यांचा शेवट," भारती म्हणाली. "तुमचाच बराबर आहे."

मग दोघी उगाच हिरोच्या मिशीवर बोलत राहिल्या. मुकुंदरावांची वाचनालयात जायची वेळ झाली होती. दर रविवारी या वेळेला ते जात आणि अंधार पडल्यावर येत. त्यांनी टोपी घातली, पायांत चपला सरकवल्या, दार उघडलं. आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"ठेव आता तो फोन."

"का?"

"मी गेलो की तिचा येतो ना?" ते बाहेर गल्लीकडं बघत म्हणाले. "लाईन मोकळी असू दे."

लेकीचा फोन येतो हे त्यांना ठाऊक असेल, असं सुशीलाबाईंना कधी वाटलं नव्हतं. भारतीला काही न सांगताच त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

मुकुंदरावांनी चपला काढल्या आणि परत येऊन ते फोनशेजारच्या स्टुलावर बसले.