ताट पुढं गेलं

चर्चमध्ये बाकाबाकांवरून फिरणारं प्रभुभोजनाचं ताट हातात आलं, तसं एस्तेरनं याही वेळी भाकरीचा तुकडा न घेताच ते पुढं सरकवलं. मनात जावेबद्दल वैर आणि तोंडात प्रभूची भाकर, हे ढोंग तिला जमत नव्हतं. तिचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा मोठी जाऊ चारचौघींत बोलली होती, “आईच्या पापाचं फळ, दुसरं काय!” तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

खांद्यावरची लेक मागं बघून खुदकन हसली, म्हणून एस्तेर वळली. मागच्या बाकावर जाऊच होती, आणि तिनंही भाकर न घेता ताट पुढं दिलं.

“तुम्ही का नाही घेतली, आक्का?”

“कुठल्या तोंडानं घेऊ? तुला तसं बोलल्यापासून घेतलीच नाही गं. माफी मागायला निघायचे, पण तुझ्या उंबऱ्यापाशी पाय जड व्हायचे.”

इतके दिवस एस्तेरला वाटायचं, उपाशी आपण एकटीच. छातीवरचा धोंडा सरकला. तिनं लेक जावेच्या कुशीत दिली. “घ्या. हिची मोठी आई ना तुम्ही?”

मग भर उपासनेत ती उभी राहिली. “पाळकसाहेब, ताट परत पाठवा. इकडं दोघी राहिल्यात!”