बायडाबाईचं लिव्हर

"दारू किती वर्षांपासून घेता?" डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

बायडाबाई क्षणभर गोंधळली आणि मग खो खो हसत सुटली. शेजारी बसलेल्या अजिनाथला, तिच्या मुलाला, मात्र घाम फुटला. "डॉक्टर, माझ्या आईनं गावातलं दारूचं दुकान बंद पाडलंय," तो म्हणाला. "बायका गोळा करून, मतदान घेऊन बाटली आडवी केलीय तिनं."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी रिपोर्ट तिच्यापुढं सरकवला आणि नीट समजावून सांगितलं. बिलिरुबिन वाढलं होतं. अल्ब्युमिन उतरलं होतं. प्लेटलेट निम्म्यावर आल्या होत्या. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं, खडबडीत दिसत होतं. पायांवरची सूज, डोळ्यांतला पिवळेपणा, हिरड्यांतून येणारं रक्त, सगळ्याचं मूळ तेच. सिरॉसिस.

"पिणाऱ्यांना होतो, तसा न पिणाऱ्यांनाही होतो," ते म्हणाले. "तुमची शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली. लिव्हरवर चरबी साठली, मग ते निबर होत गेलं. झालं ते पुसता येणार नाही. पण पथ्य पाळलं, औषध घेतलं, तर पुढं वाढू न देणं आपल्या हातात आहे."

"आन् आधी कळलं आसतं तर?"

"साध्या रक्ततपासणीतही सुगावा लागला असता. बहुतेक इथवर आलंच नसतं."

राहुरीच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावर अजिनाथनं गाडी चालवता चालवता विषय काढला. "आये, उद्याची ग्रामसभा होईस्तोवर कुणाला काय बोलू नको." दुकानाचा मालक रामहरी आपलं दुकान पुन्हा उघडायच्या खटपटीत होता. उद्या तोच विषय निघणार होता. "लिव्हर म्हनलं की लोक एकच समजत्यात. रामहरी तेवढंच धरून बसंल."

 बायडाबाईला गावातल्या बायका आठवत होत्या. पाय सुजले की दिवसभर उभं राहून सुजले म्हणणाऱ्या. शुगरची गोळी आठवली तर घेणाऱ्या. तीही कालपरवापर्यंत तेच करत होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. दुकानाचा विषय निघायच्या आधीच बायडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माझं लिव्हर खराब झालंय," ती म्हणाली.  तिनं डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, काही झाकलं नाही. "दुकानाचं काय ठरवायचं ते ठरवा. पर आधी गावात रगत तपासायचं शिबिर घ्या. पिनाऱ्यांचं, न पिनाऱ्यांचं, समद्यांचं."

रामहरी हसत उभा राहिला. "म्हंजी काकू, गावापुढं बाटली आडवी करायची आन् घरात उभी ठिवायची!"

हशा पिकला. अजिनाथ तावातावानं उठला, तशी बायडाबाईनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"हसू द्या. हसून झालं की हात वर करा. शिबिराला कोन कोन येनार?"

एकही हात वर झाला नाही. जिवावर उदार होऊन तिच्याबरोबर मतदानाला आलेल्या बायकासुद्धा खाली बघत होत्या. लिव्हरची तपासणी करायला जाणाऱ्या बाईला गाव काय म्हणेल, ते आत्ताच दिसलं होतं.

तेवढ्यात मागून कारभारी नावाचा दारुडा झुलत झुलत पुढं आला. दुकान बंद असूनही त्याला शुद्धीत पाहिलेला माणूस विरळा.

"रामहरी, तुझ्या दुकानाचा मी सगळ्यात जुनं गिऱ्हाईक," तो म्हणाला. "कोन पितं, कोन चोरून पितं, कोनाची बाटली कोनत्या गोठ्यात आसती, समदं मला ठावं हाय. ह्या आक्कानं माझ्या हातातल्या बाटल्या फोडल्या, पर व्हटाला एक थेंब लावला न्हाई."

आता कुणी हसलं नाही. कारभारी बायडाबाईकडं वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"आक्का, न पिता तुझं आसं झालं. मंग माझ्या पोटात काय झालं आसंल गं?"

त्यानं हात वर केला. त्याच्यामागं एका बाईचा हात वर गेला, मग दुसरीचा, मग पार देवळाच्या पायरीपर्यंत.

बायडाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही.

"आसंल ते बघू," ती कारभाऱ्याला म्हणाली. "उपाशीपोटी ये. आन् त्या दिशी तरी न पिता ये."