चौदा नंबरची सुई

"सांग ना, कुठलं घेऊ?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

शिलाई मशीनच्या दुकानात ती बरोबर मधोमध उभी होती. एका हाताला नवंकोरं मशीन, पांढरंशुभ्र, वीस प्रकारची फुलं काढणारं. दुसऱ्या हाताला जुनं पायमशीन, हुबेहूब घरच्यासारखं. तोच काळा रंग, तीच घासून पुसट झालेली सोनेरी वेल. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं. दुकानदारकाका इतकी वर्षं त्यावर टेबलफॅन ठेवत आले होते. आज आईसाठी त्यांनी फॅन खाली उतरवला होता आणि तो इमानेइतबारे सगळ्यांच्या घोट्यांना वारा घालत होता.

बरोबर आलेली मुलगी त्या फॅनकडेच बघत राहिली.

"आज आमचा रेडिओ बंद कसा?" काका म्हणाले. ती दुकानात आली की एरवी तिच्या बडबडीत त्यांना गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्यावरून त्यांनीच हे नाव ठेवलं होतं.

"चार दिवस असंच चाललंय भाऊ. मशीन बिघडलं आणि त्याच दिवशी हिचं तोंडही बिघडलं." आईने रुमालाची गाठ सोडून एक लोखंडी तुकडा काउंटरवर ठेवला. "हे बघा शटल, खालचा दोरा पकडणारं. पडदा शिवत होते. चार बोटं टीप गेली नसेल, तोच कट्ट! सुई मोडली आणि शटलची चोचही गेली. मीच सुई तिरकी लावली असणार. डोळे गेले माझे."

"हा पार्ट आता शोधूनही मिळायचा नाही, ताई."

"म्हणून तर आले. चार दिवस हातानेच टाके घालतेय. सुईत दोरासुद्धा हिला ओवायला सांगते. आणि ही बया गुमान ओवून देते!"

रेडिओने दप्तर खांद्यावर सारखं केलं. दप्तराचा पट्टा जराही हलला नाही. भक्कम बसला होता. चार पदरी कॅनव्हास, वर दुहेरी टीप.

"नवं बरं," आई म्हणाली. "ते म्हणे दोरा स्वतःच ओवतं. तू सांग गं, तुझे डोळे तरुण आहेत."

"नवं" एवढाच शब्द म्हणायचा होता. जीन्सच्या मागच्या खिशावर सूर्यफूल काढायचं की चाफा, हेसुद्धा रेडिओचं ठरून गेलं होतं. शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला.

"आधी जुन्यावर बसून तर बघा," काका म्हणाले. "याचा कारखाना बंद पडला, पण हे काही बंद पडलं नाही." त्यांनी एक कोरा कागद फाडून दिला.

आई बसली. खाली न बघताच तिच्या पायांना पायडल सापडलं. मशीनमध्ये दोरा नव्हता. नुसती सुई कागदावरून खटखट धावत गेली. चार दिवस आईच्या कपाळावर मुक्कामाला असलेली आठी कागद संपेपर्यंत गायब झाली.

काकांनी कागद उजेडात धरला. बारीक भोकांची एक ओळ, पट्टी ठेवून आखल्यासारखी.

"कुठे गेलेत हो डोळे?"

"कागदाचं काय, भाऊ. तो बिघडला तर कुणी जाब विचारत नाही." आई उठली. हात मात्र मशीनच्या मानेवरच राहिला. "नवंच बांधा. काल मी त्या वकीलबाईंचं शिवायला आलेलं रेशीमसुद्धा परत देऊन आले. म्हटलं, एखाद्या तरुण हाताकडून शिवून घ्या."

हे रेडिओला ठाऊक नव्हतं.

"आई, सुई तू नव्हती तिरकी लावलीस."

"काय?"

"पट्टा. दप्तराचा. मी शिवला, तुझ्या मशीनवर, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. सुई मोडली. टोक आत शटलपाशी पडलं, खूप शोधलं, नाही सापडलं. मग मी दुसरी सुई लावली आणि… आणि झाकण घालून टाकलं." सगळं एका दमात. रेडिओ लागला होता, पण आवाज अगदी बारीक.

आईने तिला खांद्याला धरून पाठमोरी केली. पट्ट्यावरच्या टिपेवरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाने आणलेलं दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा.

"सुई कितीची होती?"

"होती तीच. चौदाची."

"कॅनव्हासला जाड लागते, अठराची."

"हं."

"टीप सरळ आलीय."

एक सणसणीत धपाटा बसला असता तर बरं झालं असतं, असं रेडिओला वाटलं. पण आई परत जुन्या मशीनपाशी जाऊन बसलीसुद्धा.

"भाऊ, हेच घेते. रीळ द्या एक, दोरा घालून बघू दे."

काकांनी पांढरं रीळ दिलं. चार दिवसांच्या सवयीने रेडिओ पुढे झाली आणि तिने दोऱ्यासाठी हात पसरला.

आईने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, मान जराशी कलती केली आणि पहिल्याच झटक्यात सुईत ओवलं.

रेडिओचा हात तसाच पुढे राहिला.