मागचे ब्रेक

वसंतात बसवलेले मागच्या ब्रेकचे लायनर पानगळीआधीच जळून काळे पडले होते. पुढचे मात्र कोरे. केंटकीच्या डोंगरात वर्नानं वडिलांची जुनी पिकअप जॅकवर चढवली होती. वडील आत बसून म्हणाले, “हल्ली लायनर कागदाचे करतात, पोरी.” “नाहीतर तुम्ही उतारावर शर्यती लावता.” नवे लायनर बसवून तिनं ब्रेकचा ड्रम चढवला, चाक आवळलं. ढकलताच ते जात्यासारखं गरगरलं. “बाबा, हातब्रेक एकदा ओढून सोडा.” मूठ करकरली. चाक हलेना. “सोडा ना.” “सोडलाय की.” ती खिडकीशी गेली. मूठ ओढलेलीच होती. मुठीवर हात ठेवून वडील निवांत बसलेले. उन्हाळाभर ते असेच, मागची चाकं आवळणारा हातब्रेक ओढलेला ठेवून घाट उतरत होते. “झालं का? चर्चला उशीर होतोय.” “थोडं राहिलंय, बाबा,” म्हणत ती चाक पुन्हा उतरवून ठेवायला आत्ताच आवळलेले नट सैल करू लागली; चाकाविना गाडी घाटात जाणार नव्हती.